ऑटोमॅटिक गेटचा सेन्सर: या चुका टाळा

सरकतं गेट किंवा पार्किंगचं शटर अर्ध्यातून मागे फिरायला लागलं की फोन येतो, "सेन्सर गेलाय, बदलून द्या." नाशिकच्या गंगापूर रोडवरून येऊ दे नाहीतर पाथर्डी फाट्यावरून, वाक्य तेच. जाऊन बघावं तर बहुतेक वेळा सेन्सर ठणठणीत असतो. त्याच्या आड काहीतरी आलेलं असतं आणि तो आपलं काम करत असतो.

काम साधं आहे. एका खांबावरचा ट्रान्समीटर डोळ्याला न दिसणारा इन्फ्रारेड किरण सोडतो, समोरच्या खांबावरचा रिसीव्हर तो झेलतो. किरण अडला की रिसीव्हरमधला रिले, म्हणजे आतला छोटा स्विच, उघडतो आणि मोटर चालवणारा बोर्ड बंद होणारं गेट थांबवून मागे नेतो. वायर तुटली, सप्लाय गेला, काच मळली, तरी परिणाम हाच. बिघाड झाला तर गेट बंद होऊच नये, अशी ही रचना मुद्दाम केलेली आहे. गेट बंद न होणं हा तुम्हाला त्रास वाटतो, पण त्यातच तुमची सुरक्षितता आहे.

लूप मारून मोकळं होणं

सगळ्यात वाईट चूक हीच, आणि दिसते पण सगळ्यात जास्त. रिसीव्हरच्या रिलेच्या संपर्काच्या दोन वायरी बोर्डावर ज्या टर्मिनलांत (वायर आवळायच्या जागांत) येतात, त्यांच्यात वायरचा छोटा तुकडा अडकवला की बोर्डाला रस्ता कायम मोकळाच दिसतो. गेट लगेच बंद होतं, घरचे खूश होतात.

इंदिरानगरमधल्या एका बंगल्यात असंच झालं. पावसाळ्यात गेट अडलं. ओळखीच्या वायरमनने लूप मारला आणि "सेन्सर दुरुस्त झाला" सांगून निघून गेला. घरच्यांना शंका यावी असं काही नव्हतं, कारण दोन्ही सेन्सरचे दिवे लागत होते. ट्रान्समीटरचा दिवा नुसत्या सप्लायवर लागतो, रिसीव्हरचा किरण मिळाला की, आणि दोन्ही चालूच होतं. मध्ये हात धरला तर रिलेचा 'टिक' आवाजसुद्धा यायचा, फक्त बोर्ड आता त्या रिलेकडे बघतच नव्हता. दिवाळीच्या सुमारास आजोबा सायकल हातात धरून आत येत होते आणि नातवाने गॅलरीतून रिमोट दाबला. गेट मागच्या चाकावर आलं, थांबलं नाही. आजोबा सायकलसकट आडवे झाले, मनगट मोडलं.

मला बोलावलं ते "गेटची ताकद कमी करून द्या" म्हणून. बॉक्सचं झाकण उघडलं तर निळ्या वायरचा तुकडा समोरच. तो काढल्यावर गेट पुन्हा बंद होईना, म्हणजे मूळ दुखणं तसंच पडून होतं. रिसीव्हरच्या मागच्या भोकातून पाणी शिरून एक टर्मिनल हिरवं पडलं होतं. ते घासलं, वायरचं टोक कापून नव्याने सोललं, भोक सिलिकॉनने बुजवलं, गेट सुरू झालं. एवढंसं काम टाळायला लूप मारला होता. ज्याला हे काम करायला वेळ नाही, त्याने गेटच्या कामाला हात लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

कोणीही तुमच्या गेटवर काम केलं की तो निघायच्या आधी चाचणी घ्या, आणि ती गेट चालू असताना घ्या. थांबलेल्या गेटवर दिवे बघून काहीच कळत नाही. गेट बंद व्हायला लागलं की लांब दांड्याचा झाडू किरणाच्या आडवा न्या. हात-पाय घालू नका. गेट थांबून मागे गेलं पाहिजे. नुसतं हळू झालं तर चाचणी नापास. माझ्या सगळ्या ग्राहकांना मी ही चाचणी दर संकष्टीला करायला सांगतो, कारण संकष्टी घरात कोणाच्या ना कोणाच्या लक्षात असतेच.

वरून खाली येणारं गॅरेजचं दार असेल तर आणखी एक चाचणी आहे. दाराच्या मधोमध जमिनीवर साधारण ४ सेंटिमीटर जाडीची फळी आडवी ठेवा. दार फळीला टेकलं की उलटं वर गेलं पाहिजे. यात सेन्सरची नाही, मोटरच्या ताकदीची परीक्षा होते. दार दोन्ही चाचण्यांत पास झालं तरच वापरा.

उंची

अमेरिकेत गॅरेजच्या दाराखाली सापडून लहान मुलं दगावली, म्हणून तिथे १ जानेवारी १९९३ पासून बनणाऱ्या घरगुती दारांच्या मोटरला, टेकल्यावर उलटं जाण्याखेरीज, अडकण्यापासून वाचवणारी दुसरी सोय कायद्याने सक्तीची झाली. सेन्सरची जोडी ही त्यातली सगळ्यात प्रचलित सोय. तिथे ती जमिनीपासून १५ सेंटिमीटरच्या वर लावत नाहीत, कारण रांगतं मूल दिसलं पाहिजे. आपल्याकडे सेन्सर बसतो गाडीच्या बंपरच्या उंचीला. गाडी वाचते, पण गेटच्या रुळावर बसलेलं कुत्रं किंवा खेळणं उचलायला वाकलेलं पोर त्या किरणाच्या खालीच राहतं. घरात लहान मुलं असतील तर खाली दुसरी जोडी बसवा आणि दोन्हींचे संपर्क सिरीजमध्ये, म्हणजे एकामागे एक जोडून घ्या, म्हणजे कोणताही एक किरण अडला तरी गेट थांबेल. खर्च होतो, पण तो करा.

ऊन न ओळखता पार्ट बदलत सुटणं

महात्मानगरमधला दक्षिणमुखी बंगला. मार्चमध्ये गेट रोज संध्याकाळी सहाच्या सुमारास बंद होईना. ज्यांनी बसवलं होतं त्यांचा माणूस दुपारी बाराला यायचा, तेव्हा गेट मुकाट चालायचं. त्याने रिसीव्हर बदलला. संध्याकाळी तेच. मग बोर्ड बदलला. तरी तेच. काकूंनी मला फोन केला तेव्हा मी म्हटलं, "गेट अडेल तेव्हाच बोलवा, दुपारी येऊन उपयोग नाही."

संध्याकाळी गेलो आणि पूर्वेच्या खांबावरच्या रिसीव्हरवर छत्री धरली. गेट बंद झालं. छत्री काढली, अडलं. मावळतीचं ऊन थेट रिसीव्हरच्या काचेत जात होतं आणि त्या झोतात त्याला ट्रान्समीटरचा किरण वेगळा ओळखता येत नव्हता.

इथे अनेक जण दिशेत गोंधळतात. पश्चिममुखी गेटला संध्याकाळचा त्रास होईल असं वाटतं, पण किरण गेटला समांतर जातो, म्हणजे तिथे तो दक्षिणोत्तर असतो आणि ऊन त्याच्या बाजूने येतं. त्रास होतो तो दक्षिणमुखी किंवा उत्तरमुखी गेटला, जिथे किरण पूर्व-पश्चिम असतो. तोही वर्षभर नाही. नाशिक साधारण २० अक्षांशावर आहे. इथे सूर्य मावळण्याची जागा शुद्ध पश्चिमेच्या दोन्ही बाजूंना जवळपास २५ अंश सरकते. बरोबर पश्चिमेला तो मार्चच्या आणि सप्टेंबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मावळतो. सप्टेंबरात पुष्कळदा आभाळ असतं, म्हणून तक्रार मार्चची. दोन-तीन आठवड्यांत गेट आपोआप बरं होतं आणि ज्याने शेवटचा पार्ट बदलला त्याला श्रेय मिळतं.

त्या बंगल्यात मी ट्रान्समीटर आणि रिसीव्हरची अदलाबदल केली. अशाने सकाळचं ऊन लागू शकतं, पण तिथे पूर्वेला शेजारची तीन मजली इमारत आहे, म्हणून जमलं. मोकळ्या प्लॉटवर अदलाबदल न करता रिसीव्हरच्या तोंडावर काळ्या पाइपचा वीतभर तुकडा बसवावा आणि त्यातून समोरचा ट्रान्समीटर नीट दिसतोय का ते डोळा लावून बघावं.

बिघाडाची वेळ विचारल्याशिवाय मी स्क्रू ड्रायव्हर हातात घेत नाही. थंडीत सकाळी सातला अडणारं आणि नऊला सुरळीत होणारं गेट म्हणजे काचेवर दव. निफाड-ओझरकडे हे फार. बाहेरून पुसून जातं. काचेच्या आतून धूर धरल्यासारखं दिसत असेल तर सील गेलेलं आहे आणि तो सेन्सर मात्र खरंच बदला.

बाकीच्या चुका

रंगपंचमीनंतर थिनर किंवा पेट्रोलने काच पुसणं. नाशिकला रंग खेळायचा तो रंगपंचमीला, रहाडी (रंगाचे जुने हौद) उघडतात त्या दिवशी, आणि गेटचे खांबही रंगून निघतात. सेन्सरची काच बहुधा प्लास्टिकची असते, थिनरने ती कायमची धुरकट होते. साधं ओलं मऊ फडकं आणि मग कोरडं फडकं, बस.

दसऱ्याचं तोरण सेन्सरच्या खांबावर बांधणं. झेंडूची माळ वाऱ्यावर हलते आणि गेट दिवसभर मागे-पुढे करतं.

गाडी धुताना प्रेशरचा पाइप सेन्सरवर मारणं.

वायरचं भोक उघडं ठेवणं. मुंग्या आणि पाली तिथूनच आत जातात. सिलिकॉन लावाच.

सेन्सरची वायर मोटरच्या २३० व्होल्टच्या वायरीबरोबर एकाच पाइपातून नेणं. मधूनच, कारण न कळता गेट थांबत असेल तर आधी हे तपासा.

गेट जड जातंय म्हणून बोर्डावरची ताकद वाढवणं. रुळातले खडे काढा, चाकांचे बेअरिंग बघा. ताकद वाढवली की गेट माणसाला धडकूनही थांबत नाही.

अंदाजाने सेन्सर वळवत बसणं. नवशिक्यांना इथे फार घाई असते. दिवा एकदा स्थिर झाला की स्क्रू आवळतात आणि ट्रक गेला की पुन्हा लुकलुक सुरू. मी दोन खांबांमध्ये दोरी ताणतो, पाणसळीने उंची जुळवतो, मग रिसीव्हर डावी-उजवीकडे दिवा विझेपर्यंत फिरवून दोन्ही टोकांच्या बरोबर मध्ये आवळतो. ट्रान्समीटर चालू आहे का याची शंका असेल तर मोबाइलचा पुढचा कॅमेरा त्याच्यासमोर धरा. अनेक मोबाइलमध्ये जांभळट ठिपका दिसतो. नाही दिसला म्हणून लगेच तो मेला असं धरू नका, आधी त्याच कॅमेऱ्यात टीव्हीच्या रिमोटचा किरण दिसतो का ते बघा.

मेन स्विच चालू ठेवून बॉक्स उघडणं. हे कोणीच करू नये. मोटरचा कपॅसिटर (वीज साठवणारा भाग) स्विच बंद केल्यावरही काही वेळ झटका देऊ शकतो, त्याला हात लावू नका. तुम्ही काच पुसा, दिवे बघा, झाडूची चाचणी घ्या. वायरिंगचं काम माहितगारावर सोपवा आणि त्याला फोन करताना गेट किती वाजता अडतं, त्या वेळी ऊन कुठून येतं आणि रिसीव्हरचा दिवा स्थिर आहे की लुकलुकतोय, एवढं बघून सांगा.