मोटार बसवायला एमटीबी (माउंटन बाइक) घेताय? या चुका टाळा

वाघबीळ सोडून पन्हाळ्याचा चढ लागला आणि मागच्या चाकातून कट् असा आवाज आला. मोटार गपगार. उतरून बघितलं तर मोटारीचा एक्सल, म्हणजे चाकाच्या मधला दांडा, फ्रेमच्या खाचेतल्या खाचेत फिरलेला, त्यातून निघणारी वायर त्याच्याभोवती पिळून तुटलेली आणि अल्युमिनियमची खाच दोन्ही बाजूंनी खाऊन गोल झालेली. मोटार चांगली होती, मोटारीला वीज सोडणारा कंट्रोलरही चांगला होता. चूक झाली होती ती सायकल निवडताना. मी गिअर मोजले होते, शॉकअप दाबून बघितले होते, पण मागच्या खाचेकडं वाकून बघितलं नव्हतं.

म्हणून साध्या सायकलीला मोटारीचं किट बसवायला कुठली एमटीबी घेऊ, असं कुणीही विचारलं की मी पहिलं हेच सांगतो. मागचा एक्सल फ्रेमच्या ज्या खाचेत बसतो, तिथूनच सायकल बघायला सुरुवात करा. मोटार चाकाला पुढं ढकलते तेव्हा एक्सल तेवढ्याच जोरानं उलटा फिरू बघतो. साध्या सायकलीच्या एक्सलला हा पीळ कधी बसतच नाही, त्यामुळं तिची खाच त्यासाठी बनवलेलीच नसते. हब मोटारीच्या, म्हणजे चाकाच्या मधोमध बसणाऱ्या मोटारीच्या, एक्सलच्या दोन बाजू घासून सपाट केलेल्या असतात, सपाट भागाची जाडी साधारण १० मिलिमीटर. ते सपाट भाग खाचेच्या भिंतींना अडतात आणि सगळा पीळ त्या भिंतींवर येतो. भिंत पोलादी आणि जाड असेल तर टिकते. पातळ अल्युमिनियम आधी पसरतं, मग तडकतं.

दुकानात जाताना खिशात लोहचुंबक ठेवा. मागच्या खाचेला चिकटला तर पोलाद, नाही चिकटला तर अल्युमिनियम. अल्युमिनियमची फ्रेम वाईट असते असं नाही, पण तिला टॉर्क आर्म लावल्याशिवाय रस्त्यावर काढू नका. टॉर्क आर्म म्हणजे एक्सलचा पीळ फ्रेमच्या दांडीवर नेणारी पोलादी पट्टी. किटमधली पट्टी बऱ्याचदा सैल बसते आणि सैल पट्टी असून नसल्यासारखीच. आपल्या कोल्हापुरातल्या उद्यमनगरात, कारखान्यांच्या भागात, ६ मिलिमीटर जाडीच्या प्लेटमधून ती करून मिळते. मोटारीचा एक्सल सोबत घेऊन जा आणि भोक कानशीनं घासत घासत असं करून घ्या की पट्टी हातानं दाबून बसवावी लागेल, नुसती सरकन आत जायला नको.

दुसरी चूक रुंदीची. मागच्या दोन खाचांमधलं आतलं अंतर टेपनं मोजा. बाजारातल्या बहुतेक मागच्या हब मोटारी १३५ मिलिमीटरच्या असतात. महागड्या नव्या एमटीबीला थ्रू एक्सल असतो, म्हणजे खाचेऐवजी १२ मिलिमीटरचं गोल भोक आणि रुंदी १४२ किंवा १४८. तिथं नटानं आवळायची साधी हब मोटार बसतच नाही. भारीतली सायकल घेतली की सगळं बसेल, हा समज इथं अंगाशी येतो.

पुढच्या चाकात मोटार बसवायला सोपी म्हणून बरेच जण तिकडं वळतात. पुढचं चाक धरणाऱ्या शॉकअपवाल्या चिमट्यात ती बसवू नका. त्याच्या खालच्या नळ्या ओतीव, हलक्या धातूच्या असतात आणि तिथली खाच तुटली तर चाकच निखळतं. तोंडावर पडण्याचा हा धोका कुणीही पत्करू नये.

डबल शॉकअपची सायकल दिसायला रुबाबदार असते. पण मधला शॉक फ्रेमच्या त्रिकोणातली नेमकी बॅटरीची जागा खातो. मग बॅटरी कॅरिअरवर जाते. तीन किलो वजन उंचावर, त्यात मागच्या चाकाला मोटारीचं वजन, आणि खड्ड्यातून जाताना सायकल मागून डोलते. मोठा मोकळा त्रिकोण आणि खालच्या दांडीवर बाटली लावायचे दोन आट्याचे स्क्रू असलेली साधी फ्रेम निवडा.

ब्रेकमधली एक गोष्ट दुकानात कुणी सांगत नाही. स्वस्त एमटीबीत ब्रेकचा लिव्हर आणि गिअरचा शिफ्टर एकाच तुकड्यात येतात. किटमधला मोटार बंद करणारा लिव्हर लावायला गेलात की गिअर हातचा जातो, नवा सुटा शिफ्टर घ्यावा लागतो. दोन्ही वेगळे असलेली सायकल घ्या, किंवा जुन्याच लिव्हरवर चिकटवायचा चुंबकी सेन्सर मागा. मोटारीची फुगीर बाजू डिस्क ब्रेकच्या कॅलिपरला (डिस्कला चिमटीत धरणाऱ्या भागाला) घासत असेल तर १६० ऐवजी १८० मिलिमीटरची डिस्क आणि तिचा अडॅप्टर लावून कॅलिपर बाहेर सरकवता येतो. पण त्यासाठी फ्रेमला डिस्कचे माउंट, म्हणजे कॅलिपर बसवायच्या जागा, मुळात हवेत.

पायडलपाशी बसणारी मिड मोटार घ्यायची असेल तर आट्यांचं, ६८ किंवा ७३ मिलिमीटरचं बीबी शेल, म्हणजे पायडलचा दांडा बसतो ती फ्रेमची नळी, बघा.

आता बॅटरी. पायथ्यापासून पन्हाळगड सुमारे ४०० मीटर उंच. तुम्ही आणि सायकल मिळून १०० किलो धरा. एवढं वजन तेवढं वर चढवायला साधारण ११० वॅट-तास लागतात आणि मोटारीतली घट धरली तर दीडशेच्या घरात. ३६ व्होल्ट, १० अँपिअर-तासाची बॅटरी ३६० वॅट-तासांची. म्हणजे पाय नुसते ठेवून बसलात तर जवळपास निम्मी बॅटरी चढातच जाते, आणि शहरापासूनचे वीसेक किलोमीटर वेगळेच. पायडल मारायचं ठरवूनच गिअर निवडा: मागचं मोठं चक्र २८ दात्यांचं तरी हवं. ताकद हवी म्हणून ७५० वॅटची मोटार घेऊ नका. २५० वॅट किंवा ताशी २५ किलोमीटर, यातल्या कशाच्याही वर गेलात की ती कायद्यानं सायकल राहत नाही, नोंदणी आणि लायसन्स मागे लागतं.

आणि आपल्याकडचा पाऊस धरूनच वायरिंग करा. मोटारीची वायर एक्सलमधून बाहेर पडते तिथं तिला खाली झोळ द्या आणि मगच वर न्या. पाणी झोळाच्या तळाशी येऊन ठिबकतं, मोटारीत शिरत नाही.