पंखे फिरतात, स्क्रीन काळीच: बंद पडलेला घरचा कॉम्प्युटर सुरू कसा करावा

कॉम्प्युटर सुरू होईना म्हटलं की दोन सल्ले लगेच येतात: ‘फॉरमॅट मार’ नाहीतर ‘मदरबोर्ड गेला’. दोन्ही न बघता दिलेले. आधी एवढंच पाहा, बटण दाबल्यावर कंपनीचा लोगो किंवा बायोसची (विंडोजच्या आधी चालणाऱ्या, मदरबोर्डमधल्या प्रोग्रॅमची) अक्षरं स्क्रीनवर येतात का? येत नसतील तर विंडोजला दोष देऊ नका, मशीन तिथवर पोचलेलंच नाही. लोगो येऊन मग अडत असेल तर कॅबिनेट उघडण्याची घाई नको, थेट शेवटच्या टप्प्याकडे जा. (हे सगळं डेस्कटॉपचं. लॅपटॉपची गोष्ट वेगळी.)

काहीच हालचाल नाही. यूपीएस आणि एक्स्टेंशन बोर्ड बाजूला ठेवून वायर थेट भिंतीच्या सॉकेटमध्ये लावा. एसएमपीएसच्या (कॅबिनेटमधल्या वीजपुरवठ्याच्या डब्याच्या) मागचा स्विच चालू आहे ना, तेही बघा. तरी मढं तसंच? मग कॅबिनेटचं बटण तपासा, कारण ते खराब असेल हे कुणाला सुचतच नाही. मदरबोर्डवरची पॉवर स्विचच्या वायरचा छोटा कनेक्टर काढा आणि तिथल्या दोन काड्यांना स्क्रू ड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवा. मशीन सुरू झालं तर दोष बटणाचा. नाही झालं तर ओळखीच्या कुणाचा तरी चालू एसएमपीएस लावून बघा. हिरवी वायर काळीला जोडून पंखा फिरवण्याची चाचणी सगळेच सांगतात, पण नुसता पंखा फिरला म्हणून एसएमपीएस चांगला ठरत नाही. बोजा आल्यावर व्होल्टेज कोसळू शकतं. आणि एसएमपीएसचा डबा स्वतः कधीही उघडू नका, प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये वीज राहते.

पंखे फिरतात, चित्र नाही. वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर मॉनिटरची केबल कार्डालाच हवी, मदरबोर्डला नाही. साफसफाईनंतर ही केबल हमखास चुकीच्या जागी लागते.

केबल बरोबर असेल, तर रॅम, म्हणजे मेमरीची पट्टी. याच टप्प्यावर मी पूर्वी तासन्‌तास अडकायचो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

प्लग काढा, मग पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा, उरलीसुरली वीज निघून जाते. कॅबिनेट आडवं झोपवा. उभ्या कॅबिनेटमध्ये अंगठ्याला जोर मिळत नाही, आणि सगळी गडबड जोराचीच असते. कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूला हात लावून अंगावरची स्थिर वीज उतरवा. विदर्भातल्या कोरड्या थंडीत तर हे विसरूच नका. स्लॉटच्या क्लिपा उघडून सगळ्या रॅम बाहेर काढा.

आता खोडरबर. दमट हवेत रॅमच्या कडेच्या सोनेरी संपर्कपट्टीवर थर बसतो, त्यामुळे हा उपाय खोटा नाही. पण लोक भांडी घासल्यासारखी पट्टी घासतात. तिच्यावरचा सोन्याचा मुलामा अगदी पातळ असतो. पांढरं मऊ खोडरबर हलक्या हाताने दोनतीनदा फिरवा, चुरा कोरड्या ब्रशने झाडा, बस्स. आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळालं तर खोडरबरही नको. सॅण्डपेपर सुचवणाऱ्याला चहा पाजून परत पाठवा. स्लॉटमध्ये फुंकर मारू नका, थुंकीचे कण आत जातात.

एकच रॅम परत लावा. चार स्लॉट असतील तर बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरपासून दुसरा स्लॉट, म्हणजे ए-२. खात्रीसाठी बोर्डाचं मॅन्युअल बघा. खाच मध्यावर नसते, ती जुळवा आणि दोन्ही टोकांना अंगठ्याने दाबा. बोर्ड किंचित वाकेल, घाबरू नका. ‘खट्’ ऐकू आलं पाहिजे. काही बोर्डांवर एकाच बाजूला क्लिप असते, तिथे दुसरं टोक अर्धवट बसूनही वरून नीट बसल्यासारखं दिसतं. हेच फसवतं.

प्लग लावून सुरू करा. चित्र आलं नाही तर दर वेळी प्लग काढून तीच रॅम दुसऱ्या स्लॉटमध्ये, मग दुसरी रॅम पहिल्यात. एक रॅम कुठेच चालत नसेल तर ती गेली. सगळ्या रॅम एकाच स्लॉटमध्ये अडत असतील तर स्लॉट गेला. डीडीआर-५ ही नव्या पिढीची रॅम असेल तर रॅम बदलल्यावर पहिल्यांदा स्क्रीन काही मिनिटं काळी राहू शकते, मशीन रॅमची जुळवाजुळव करत असतं. तेवढ्यात बटण दाबून बंद केलंत तर सगळं पुन्हा पहिल्यापासून. बोर्डावर सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स), बूट (डिस्कवरून सुरू होणं) असे छोटे दिवे असतील तर कोणता पेटून राहतो ते बघा, अर्धं काम तिथेच होतं.

एवढं करून काहीच नाही, तर प्लग काढून मदरबोर्डवरची सीआर२०३२ ही ३ व्होल्टची गोल बॅटरी काढून पाच मिनिटांनी परत लावा. ‘बॅटरी काढ, काही होत नाही’ म्हणणाऱ्यांवर माझा राग आहे. बायोसच्या सेटिंग पुसल्या जातात: जुन्या विंडोजला लागणारा लेगसी मोड (सुरू होण्याची जुनी पद्धत) उडतो, डिस्कचा मोड बदलतो आणि मग चांगलं विंडोजही सुरू होत नाही. त्यात बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप) चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाऊ शकते. ती मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये आहे का, ते आधी मोबाइलवर बघून ठेवा.

लोगो येतो, विंडोज येत नाही. बायोसमध्ये डिस्क दिसते का बघा. दिसत नसेल तर केबल किंवा डिस्क. हार्डडिस्क टकटक करत असेल तर मशीन लगेच बंद करा, दुरुस्तीच्या कमांड चालवत बसू नका. डिस्क ठीक असेल तर विंडोज सुरू होतानाच मशीन दोनतीनदा अर्धवट बंद केल्यावर विंडोजचा रिपेअर स्क्रीन येतो: आधी स्टार्टअप रिपेअर, मग शेवटचं अपडेट काढणं, मग सेफ मोड. रीसेटला हात लावण्याआधी पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवून फोटो आणि कागदपत्रं बाहेर काढा. रीसेटमधला ‘माझ्या फाइल ठेवा’ हा पर्याय प्रोग्रॅम ठेवत नाही.

शेवटी दुकानात न्यायची वेळ आलीच, आणि तक्रार चित्र न येण्याची असेल, तर एसएसडी (तुमच्या फाइल असलेली डिस्क) काढून घरी ठेवा. रॅम, बोर्ड, एसएमपीएस तपासायला ती लागत नाही, आणि दुकानदाराने विचारलं तर तसंच सांगा.