सातही टेस्ट पास, तरी लायब्ररी चुकीची

सी येतं, पॉइंटर कळतात आणि आता स्वतःची एखादी छोटी लायब्ररी लोकांना वापरायला द्यायची आहे, अशांसाठी हे लिहितोय. मी बेस६४ घेतलं होतं, म्हणजे कुठलाही डेटा साध्या अक्षरांत लिहायची पद्धत. तीन बाइटची चार अक्षरं करायची, कमी पडलं तर शेवटी बरोबरची (=) चिन्हं. कोड दोन संध्याकाळीत झाला. टेस्ट आणि डॉक्युमेंटेशनला दोन महिने लागले.

बेस६४ चे नियम सांगणाऱ्या २००६ च्या आरएफसी ४६४८ या दस्तऐवजात तयार टेस्ट मिळतात: रिकाम्या स्ट्रिंगपासून इंग्रजी अक्षरांतल्या 'फूबार'पर्यंत (foobar) सात. माझ्या सातही पास झाल्या. हेडर फाइलमध्ये मी ठोकून लिहिलं, 'चुकीचं अक्षर आल्यास उणे एक परत मिळेल.' मग मित्राने लायब्ररी रास्पबेरी पाय या एआरएम प्रोसेसरच्या छोट्या कॉम्प्युटरवर चालवली. मध्येच उद्गारचिन्ह असलेली स्ट्रिंग दिली, तर फंक्शनने ती निमूट डीकोड केली. त्या रात्री मला झोप लागली नाही.

कारण नीट समजून घ्या, घाई करू नका. डीकोडचं टेबल मी साध्या कॅरॅक्टर टाइपचं केलं होतं, आणि चालत नसलेल्या अक्षरांपुढे उणे एक. सी भाषेचं स्टँडर्ड साधा कॅरॅक्टर साइन्ड (उणे संख्याही धरणारा) की अनसाइन्ड हे ठरवतच नाही, ते कंपायलरवर सोडतं. माझ्या इंटेल लॅपटॉपवर तो साइन्ड, म्हणून उणे एक तसाच राहिला. एआरएमवरच्या लिनक्समध्ये तो अनसाइन्ड, म्हणून उणे एकचे झाले २५५. 'शून्यापेक्षा कमी आहे का' ही माझी तपासणी तिथे कधीच खरी होणार नव्हती. आरएफसीच्या सातही टेस्ट बरोबर इनपुटच्या, त्या हे पकडणार कशा?

एन्कोड करताना हाच खड्डा उलट्या बाजूने येतो. 'अ' घ्या. यूटीएफ-८ मध्ये त्याचे तीन बाइट, पहिला २२४. साइन्ड कॅरॅक्टरमध्ये तो उणे ३२ होतो, दोन घरं उजवीकडे सरकवला की उणे आठ, आणि तुम्ही टेबलाच्या बाहेरची मेमरी वाचता. 'फूबार'मध्ये १२७ च्या वरचा एकही बाइट नाही. आपल्याकडे देवनागरी आहे, तिचा उपयोग करा.

उपाय सोपा आहे, खरंच. बाइट अनसाइन्ड कॅरॅक्टरमध्ये, टेबल साइन्ड कॅरॅक्टरचं, दोन्ही शब्द स्पष्ट लिहून. जीसीसी कंपायलरला साधा कॅरॅक्टर साइन्ड किंवा अनसाइन्ड मानायला लावता येतं, तेव्हा टेस्ट दोन्ही प्रकारे चालवा, सोबत अ‍ॅड्रेस सॅनिटायझर (हद्दीबाहेरची मेमरी वाचली की पकडणारं टूल) लावून. त्यासाठी रास्पबेरी पाय विकत घ्यायची गरज नाही.

नुसतं एन्कोड करून परत डीकोड करण्यावर विसंबू नका. दोन्हीकडे सारखीच चूक असली तर ती टेस्ट आनंदाने पास होते. आणि 'चालतंय ना, मग हात लावू नकोस' म्हणणारा सीनियर भेटला तर त्याचा आदर ठेवा, सल्ला घेऊ नका. मी घेतला होता.

मला वाचवलं ते हेडरमधल्या त्या एका वाक्याने. ते लिहिलं नसतं तर मित्राने उद्गारचिन्ह टाकून पाहिलंच नसतं. म्हणून प्रत्येक गोष्ट लिहा: आउटपुटला किती जागा लागते, शेवटचा शून्य बाइट त्यात धरलाय की नाही, बफर कोणी द्यायचा, बरोबरची चिन्हं नसली तर काय. एकेका वाक्याला एकेक टेस्ट. माझ्या हेडरमधल्या दोन वाक्यांना अजून टेस्ट नाही. आज रात्री तीच लिहायला बसतोय.