आगोटीच्या सामानात एक बॅटरी

आगोटीची, म्हणजे पावसाळ्यासाठी करून ठेवायच्या बेगमीची, यादी मे महिन्यातच निघते. तांदूळ, कडधान्यं, सुकी मासळी, आगळ, मसाला, कोरडी लाकडं. या यादीत खिशात मावणारी, तीन-चार तऱ्हेचा उजेड देणारी एक चांगली बॅटरीही असावी, आणि मृग लागायच्या आत ती घरात येऊन नीट पारखून झालेली असावी. पाऊस सुरू झाल्यावर घेतलेली बॅटरी तपासायला सवड मिळत नाही. ती थेट कामालाच लागते.

दुकानात जाण्याआधी किंवा ऑनलाइन शोधण्याआधी एक काम करा. आपल्याला रात्री उजेड कुठे कुठे लागतो ते घरातल्या सगळ्यांना विचारून लिहून काढा. गोठ्यात फेरी मारायला, विहिरीवरचा पंप बघायला, लाकडं काढायला, पाखाडीच्या पायऱ्या उतरायला, गौरी-गणपतीत आरत्या आटोपून एका वाडीतून दुसऱ्या वाडीत जायला, आणि वीज गेली की माजघरात. यातली बहुतेक कामं दहा-पंधरा पावलांच्या आतली आहेत. उजेड मोजायचं माप ल्युमेन. या कामांना वीस ते शंभर ल्युमेन पुरतात. म्हणून खोक्यावर मोठ्या अक्षरात छापलेला हजार-दोन हजारांचा आकडा मी शेवटी बघतो. पहिला प्रश्न असा असतो की ही बॅटरी सगळ्यात मंद किती होते आणि त्या मंद उजेडावर किती वेळ चालते. एका ल्युमेनहूनही कमी असा उजेड असेल तर फारच उत्तम. रात्री कुणाची झोप न मोडता न्हाणीघरापर्यंत जाता येतं, आणि अंधाराला सरावलेले डोळे दिपत नाहीत. डोळे अंधाराला पुरते सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि एका झगझगीत झोताने ती सगळी वाया जातात.

आता खोक्यावरचे आकडे. ल्युमेन म्हणजे दिव्यातून बाहेर पडणारा एकूण उजेड, तर कँडेला म्हणजे झोताच्या मध्यभागाची तीव्रता. दोन बॅटऱ्यांचे ल्युमेन सारखे असले तरी एकीचा उजेड अंगणभर पसरेल आणि दुसरीचा समोरच्या माडाच्या शेंड्यापर्यंत जाईल. झोताचा पल्ला म्हणून जे मीटर छापतात त्याचं गणित सोपं आहे. कँडेलाचं वर्गमूळ काढून दुप्पट करायचं. २,५०० कँडेला म्हणजे १०० मीटर. पण तेवढ्या अंतरावर उरणारा उजेड पाव लक्स, म्हणजे जेमतेम पौर्णिमेच्या चांदण्याएवढा असतो. तिथे माणूस उभा आहे हे कळेल, कोण आहे ते कळणार नाही. कामाचा पल्ला छापलेल्याच्या निम्मा किंवा त्याहून कमी धरावा.

चालण्याच्या वेळेबद्दलही असंच. एफएल १ नावाच्या अमेरिकन मानकाप्रमाणे उजेड सुरुवातीच्या दहा टक्क्यांवर उतरेपर्यंतचा सगळा वेळ धरतात. म्हणजे हजार ल्युमेनसमोर 'दोन तास' लिहिलं असलं तरी हजार ल्युमेन दोन तास मिळतीलच असं नाही. एवढ्याशा धातूच्या नळीत उष्णता साठते आणि बहुतेक छोट्या बॅटऱ्या मिनिट-दोन मिनिटांत स्वतःच उजेड उतरवतात. त्यांनी तो उतरवायलाच हवा, नाहीतर हात भाजेल आणि एलईडी लवकर जाईल. सेलवरून अंदाज बांधता येतो. १८६५० मापाचा, म्हणजे १८ मिलिमीटर जाडीचा आणि ६५ मिलिमीटर लांबीचा चांगला लिथियम सेल साधारण ३,५०० मिलिअँपिअर-अवरचा असतो. त्यात बारा-साडेबारा वॅट-तास ऊर्जा मावते. एका वॅटला शंभर ल्युमेन धरले तर हजार ल्युमेन सव्वा तास किंवा शंभर ल्युमेन बारा तास मिळतील. याच्या कितीतरी पुढचे दावे दिसले किंवा त्याच मापाच्या सेलवर ९,९०० असा आकडा दिसला, तर ती वस्तू खाली ठेवावी.

सेलचा निर्णय मी फार महत्त्वाचा मानतो आणि त्याला कारण आहे. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा श्रीवर्धन, मंडणगड, दापोली या पट्ट्यातली कित्येक गावं आठवडेच्या आठवडे विजेविना होती. अशा वेळी ज्या बॅटरीचा सेल आतच बंद केलेला असतो ती एकदा उतरली की चार्जिंगची सोय होईपर्यंत पडून राहते. काढता-घालता येणारा सेल असेल तर दुसरा भरून ठेवता येतो. वाडीवरच्या दुकानात मिळणारे साधे पेन्सिल (एए) सेल चालणारी बॅटरी असेल तर आणखी सोय. उजेड कमी मिळतो, पण सेल कुठेही मिळतो. काही बॅटऱ्या पेन्सिल सेल आणि त्याच मापाचा १४५०० हा लिथियम सेल, असे दोन्ही घेतात. मात्र माप तेच असलं तरी एक दीड व्होल्टचा आणि दुसरा ३.७ व्होल्टचा आहे. बॅटरीच्या कागदावर दोन्ही चालतात असं स्पष्ट लिहिलेलं नसेल तर लिथियम सेल घालू नये, आणि तो घड्याळात किंवा रिमोटमध्ये कधीच घालू नये. साधे अल्कलाइन सेल बॅटरीत महिनोन्महिने ठेवले तर पाझरतात. त्यापेक्षा रिचार्जेबल निकेल-मेटल हायड्राइड सेल बरे.

वस्तू हातात आली की आधी रंग तपासा. मला सगळ्यात कळकळीने सांगायचं आहे ते इथे. रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या कातळावर फुरसं असतं. हातभर लांबीचं, मातकट, अंगावर नक्षी, रात्री फिरणारं. जांभ्यावर किंवा पातेऱ्यात ते पडलेलं असेल तर निळसर-पांढऱ्या उजेडात दगड, पान आणि साप सगळं एकाच राखाडी रंगाचं दिसतं. रंग किती खरे दिसतात हे सीआरआय या आकड्यात सांगतात. शंभर म्हणजे पूर्ण. नव्वद किंवा त्याच्या वरचा घ्यावा, आणि उजेडाचा रंग चार ते पाच हजार केल्विनच्या दरम्यान असावा. साडेसहा हजारांचा उजेड डोळ्यांना जास्त भगभगीत वाटतो म्हणून खपतो, पण तपकिरी आणि लाल छटा तो मारून टाकतो. असा चांगल्या रंगाचा एलईडी घेतला तर ल्युमेन थोडे कमी पडतात. ते पडू द्यावेत. परीक्षा अशी करा. घरातल्या कुणाला तरी सुंभाचा वीतभर तुकडा वाटेवरच्या पातेऱ्यात टाकायला सांगा, कुठे टाकला ते विचारू नका. अमावास्येच्या आसपासच्या रात्री जुनी बॅटरी घेऊन त्या वाटेने या, मग तुकड्याची जागा बदलून नवी घेऊन या. कुठल्या उजेडात तो किती पावलं आधी दिसला ते मोजा. उजेड कमरेजवळून, जरा तिरका टाकला की दगडांच्या, पायरीवरच्या शेवाळाच्या आणि जमिनीवर पडलेल्या कशाच्याही सावल्या उठून दिसतात. डोळ्यांजवळ धरला तर सगळं सपाट होतं. पावसात आणि आंबोलीच्या धुक्यात तर डोळ्यांजवळचा उजेड थेंबांवरून परत आपल्याच डोळ्यांत येतो. तिथेही हात खालीच हवा आणि उजेड मध्यम.

वीज गेल्यावर घरात वापरून बघा. शहरातले लोक बॅटरी उभी ठेवून छतावर उजेड टाकतात आणि सगळी खोली उजळते. आपल्या कौलारू घरात तो उजेड वाशांत आणि काळवंडलेल्या कौलांत विरून जातो. त्याऐवजी चुना लावलेल्या भिंतीकडे रोखून ठेवा. शंभर ल्युमेनमध्ये माजघरात जेवणं होतात. पसरट झोताची बॅटरी या कामाला जास्त चांगली.

आता इतर रंगांचे दिवे. एकाच बॅटरीत पांढरा, लाल आणि अतिनील असे दिवे हल्ली मिळतात आणि कोकणात अतिनील उजेडाला खरंच काम आहे. विंचवाचं कवच त्यात हिरवट-निळं चमकतं. लाल विंचवाच्या दंशाने आपल्याकडे फार माणसं दगावत. महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी प्राझोसिन वापरून उपचाराची जी पद्धत रूढ केली तिने असंख्य जीव वाचले. तरी दंश टळला तर उत्तमच. लाकडाची रास, गडग्याचे दगड, परसातली कौलं यांवर हात घालण्याआधी अतिनील झोत फिरवा. ३६५ नॅनोमीटरचा दिवा बघून घ्या. ३९५ चा स्वस्त मिळतो, पण त्याचा जांभळा उजेडच इतका असतो की चमक त्यात बुडते. झोत जवळच्या अंतरावरच उपयोगी पडतो आणि नुकतीच कात टाकलेला विंचू चमकत नाही, म्हणून चपला-बूट झटकणं सोडू नका. हा झोत डोळ्यांत जाऊ देऊ नका. लहान मुलं असलेल्या घरात हा दिवा चुकून लागणार नाही अशी बटणाची रचना हवी. हिरवा लेझर असलेल्या बॅटऱ्याही येतात. मुलांच्या घरात मला तो नको.

लाल उजेडात अंधाराला सरावलेले डोळे टिकतात. रात्री बेडूक किंवा काजवे बघायला जाणाऱ्यांनी तो जरूर घ्यावा. वेळास, आंजर्ले इथे ऑलिव्ह रिडले कासवांच्या हंगामात किनाऱ्यावर जाणार असाल तर मात्र बॅटरी खिशातच ठेवायची आणि तिथले कासवमित्र सांगतील तेच करायचं. पिल्लं अंधारात उजळ क्षितिजाच्या दिशेने समुद्राकडे जातात. आपल्या दिव्याने ती उलटी फिरतात.

लुकलुकणारा झोत आणि एसओएस असायला हरकत नाही, पण ते नेहमीच्या बटणाच्या फेऱ्यात नकोत. मंदवरून मध्यमवर जाताना मध्येच झगमगाट झाला तर पायरी चुकते, आणि फिट येणाऱ्या माणसाला तो त्रासाचा ठरू शकतो. बटणाची परीक्षा मी घरातल्या वडीलधाऱ्यांकडून करवून घेतो. आजीच्या हातात बॅटरी द्या, काही समजावू नका. तिला ती लावता आली, मंद करता आली आणि विझवता आली तर रचना चांगली. पहिल्या दाबाला मंद किंवा मध्यम उजेड यावा, प्रखर नको. मग ओल्या हाताने, एका हातात छत्री धरून आणि मासळी साफ केलेल्या बुळबुळीत हाताने लावून बघा. खिशात आपोआप लागते का तेही बघा. मोठ्या झोतावर लागलेली बॅटरी कापड जाळू शकते. मागची टोपी पाव फेरा सैल केल्यावर वीज तुटत असेल तर प्रवासात तसं करून ठेवावं. मंद उजेडावर मोबाइलचा कॅमेरा दिव्याकडे धरा. पडद्यावर काळे पट्टे सरकताना दिसले तर उजेड फडफडतो आहे. काहींचं त्याने डोकं दुखतं.

पाण्याची परीक्षा सोडू नका. बॅटरी किती पाणी सोसते ते आयपीएक्स या आकड्यात सांगतात. आयपीएक्स ४ म्हणजे फक्त शिंतोडे, ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास, ८ म्हणजे कंपनी सांगेल तेवढं त्याहून खोल. आपल्याला ७ किंवा ८ हवं. सेल काढून त्या जागी टिश्यू पेपरची घट्ट गुंडाळी घाला, टोपी आवळा आणि बॅटरी बादलीत अर्धा तास बुडवून ठेवा. पाण्यात बटण दाबू नका. बाहेर काढून पुसून उघडा. कागद कोरडा हवा. ही सगळी मानकं गोड्या पाण्याची आहेत. खाडीत किंवा समुद्रात पडली तर लगेच गोड्या पाण्याने धुवा, आणि चार्जिंगच्या भोकात ओल असताना वायर लावू नका. शेपटीला चुंबक असेल तर स्कूटरचं काम करताना दोन्ही हात मोकळे राहतात, मात्र किनाऱ्यावरची काळी रेती त्याला चिकटून बसते. टोपी उघडण्याआधी ती पुसावी, नाहीतर कण आट्यांत शिरतात.

शेवटी एकदा सेल पूर्ण भरा, संध्याकाळी बॅटरी मध्यम उजेडावर लावा आणि घड्याळ बघून कधी मंद पडते ते टिपून ठेवा. तो आकडा पट्टीवर लिहून तिच्यावरच चिकटवा. घरात कुणीही उचलली तरी किती वेळ भरवसा ठेवायचा ते कळेल. पावसाळ्यात महिन्यातून एकदा टोपी उघडून स्प्रिंग आणि आटे कोरड्या कापडाने पुसा, रबरी कड्यांना सिलिकॉन ग्रीसचं बोट लावा, आणि दोन जादा कड्या सेलच्या डबीत ठेवा. जादा लिथियम सेल प्लास्टिकच्या डबीतच ठेवावा, किल्ल्या आणि सुट्ट्या पैशांबरोबर खिशात कधीच नको. बॅटरीची जागा ठरवून टाका, दाराजवळचा खुंटा चांगला, आणि ज्याने नेली त्याने आल्यावर तिथेच अडकवायची.