एकाच घरातल्या दोन ॲन

मॅसॅच्युसेट्सची कवयित्री ॲन ब्रॅडस्ट्रीट हिची वंशावळ मांडताना गाडी अडली. एका नोंदीत वडील थॉमस डडली, दुसरीत इमॅन्युएल डाउनिंग! आठवडाभर काही उलगडेना. शेवटी तिला बाजूला ठेवून नवऱ्याची, सायमनची, लग्नं वहीत तारीखवार उतरवली आणि गुंता सुटला. कवयित्री १६७२ मध्ये गेली. १६७६ मध्ये सायमनने जोसेफ गार्डनरच्या विधवेशी लग्न केलं. तिचंही नाव ॲन, माहेर डाउनिंगांचं! इतक्या मोठ्या कवयित्रीला भलताच बाप चिकटलेला बघून फार वाईट वाटलं. आता प्रत्येक बाईचं माहेरचं नाव आधी लिहिते, सासरचं त्याखाली. शिवाय १७५२ पूर्वी तिथलं कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं, म्हणून जानेवारी-फेब्रुवारीच्या नोंदींना जुन्या आणि आजच्या मोजणीची अशी दोन्ही वर्षं लावते.