उजनीचा मेसेज आला, मोटार काढायची का?

उजनी धरणाच्या खाली भीमा नदीच्या काठाला आमच्या पाणी उपसायच्या मोटारी असतात. पावसाळ्यात आम्हा मोटारवाल्यांचे मोबाइल रात्रभर वाजतात. 'उजनी फुल्ल, मोटारी काढा.' काढायची म्हणजे गडी आले, ट्रॅक्टर आला, अर्धा दिवस मोडला. नाही काढली तर मोटार पाण्याबरोबर जाते. म्हणून मेसेज आधी तपासायचा.

तारीख आणि वेळ बघा. 'आत्ताच' म्हणजे गेल्या वर्षीचं आत्ताच असू शकतं. वेळ नसलेला विसर्ग मी वाचतच नाही.

मग आकडा कशाचा ते बघा. खरी गोम इथंच आहे. उजनीचा एकूण साठा ११७ टीएमसी (एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट), त्यातला ६३.६६ मृतसाठा, म्हणजे तळाचं पाणी. टक्के मोजतात ते वरच्या ५३.५७ वर. त्यामुळं 'धरणात ६४ टीएमसी पाणी' आणि 'उजनी शून्य टक्क्यावर' हे दोन्ही मेसेज एकाच दिवशी खरे असतात. वाचून एकजण खूश, दुसरा ऊस मोडायच्या बेतात! उणे ३० टक्के झालं तरी धरणात साडेसत्तेचाळीस टीएमसी असतं.

'रात्रीत १० टीएमसी वाढलं' असं आलं की हिशोब मांडा. चोवीस तास ११,५७४ क्युसेकनं, म्हणजे सेकंदाला तितके घनफूट, पाणी आलं तर एक टीएमसी होतं. धरणाच्या वर दौंडला नदीतून येणारा विसर्ग २० हजार क्युसेक असेल तर दिवसाला पावणेदोनच्या आतच. मग १० कुठनं आणलं बाबा?

'उजनीतून पाणी सोडलं' यावर तर लगेच विचारा, कुठं? कालव्यात, सीना नदीकडं जाणाऱ्या बोगद्यात की भीमा नदीत? सोलापुरातले पाव्हणे भीमेवरच्या औज बंधाऱ्याकडं डोळे लावून बसतात आणि पाणी गेलेलं असतं कालव्याला.

आकडा खरा असला तरी अर्धा असू शकतो. धरणाच्या खाली नरसिंहपूरला नीरा भीमेला मिळते, म्हणून नीरेवरच्या वीर धरणाचा विसर्गही बघावा लागतो. पंढरपूरच्या पुराचा व्हिडिओ आला तर त्यातलं एक चित्र गुगल लेन्सला द्या, ते चित्रावरून शोधतं. जुन्या बातमीतलं असलं तर बहुतेकदा तारखेसकट सापडतं.

एकच मेसेज पाच ग्रुपवर दिसला म्हणून पाच साक्षीदार झाले असं नाही, सगळ्यांनी एकाचाच पुढं ढकललेला असतो. जलसंपदा विभागाच्या संकेतस्थळावर रोजचा धरणसाठा असतो, तो उघडा. तिथंही उलगडा झाला नाही आणि दौंड चढतच असेल, तर मी मोटार वर घेतो. मेसेज मात्र पुढं पाठवत नाही.