परीक्षेविना बारावी झालेल्या मुलांना पदवीच्या वर्गापर्यंत कसे पोहोचवावे

2021 साली महाराष्ट्रात बारावी झालेल्या मुलांनी शेवटची पूर्ण लेखी परीक्षा दिली होती ती मार्च 2019 मध्ये, दहावीची. अकरावीच्या दुसऱ्या सत्राची परीक्षा टाळेबंदीत रद्द झाली, बारावीचे वर्ष मोबाइलच्या पडद्यावर गेले आणि जून 2021 मध्ये बोर्डाची परीक्षाही रद्द झाली. दहावीचे 30, अकरावीचे 30 आणि बारावीच्या अंतर्गत मूल्यमापनाचे 40 टक्के धरून 3 ऑगस्टला निकाल लागला, तो 99.63 टक्के. महामारीच्या काळात अशा तुकडीला पुढे धाडताना कनिष्ठ महाविद्यालयाच्या शिक्षकांनी काय करावे, ते त्या अनुभवावरून येथे मांडले आहे.

निकालाची वाट न पाहता वर्गातील प्रत्येक मुलाला आधी फोन करावा. व्हॉट्सॲपच्या गटावर सूचना टाकली की ती सर्वांना पोहोचली, हा समज सोडून द्यावा; ज्याला मदतीची सर्वांत जास्त गरज असते, तोच मुलगा बहुधा त्या गटावर नसतो. घरात मोबाइल किती आहेत, ओटीपी कोणाच्या क्रमांकावर येतो, तो मोबाइल घेऊन वडील दिवसभर कामावर जातात का, घरातील कमाई चालू आहे की थांबली, कोणी दगावले आहे का, हे सारे हळुवारपणे विचारून वहीत टिपून ठेवावे. मुलींच्या बाबतीत आईशीही बोलावे, कारण शिक्षण थांबवून लग्न उरकण्याचा विचार घरात चालू असेल तर तो तिच्याच बोलण्यातून कळतो, आणि वेळेवर कळला तरच काही करता येते.

कागदपत्रे ही दुसरी अडचण. व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या राखीव जागांसाठी लागणारे जात पडताळणीचे प्रमाणपत्र मिळायला वेळ लागतो, आणि कार्यालये बंद असली की तो आणखी लांबतो. म्हणून त्याचा अर्ज अकरावीतच भरून घ्यावा. उत्पन्नाचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र व नॉन-क्रिमिलेअर (कुटुंब उन्नत गटात मोडत नसल्याचा दाखला) यांचे अर्ज ‘आपले सरकार’ संकेतस्थळावरून करता येतात; ते मुलाने भरताना शेजारी किंवा निदान फोनवर कोणी जाणते माणूस असावे. महाडीबीटी या राज्य सरकारच्या संकेतस्थळावरील शिष्यवृत्तीसाठी बँक खाते आधारशी जोडलेले आहे का, तेही तेव्हाच पाहून घ्यावे.

प्रवेश रद्द करावा लागल्यास शुल्क बुडेल, या भीतीने अनेक पालक अर्जच करीत नाहीत. 2021-22 साठी विद्यापीठ अनुदान आयोगाने 31 ऑक्टोबर 2021 पर्यंत रद्द केलेल्या प्रवेशाचे संपूर्ण शुल्क परत करावे आणि त्यानंतर 31 डिसेंबरपर्यंत जास्तीत जास्त 1000 रुपये कापावेत, असे सांगितले होते. त्या त्या वर्षीचा असा नियम शोधून पालकांना मराठीत समजावून द्यावा; परताव्याचा अर्ज लेखी करावा व त्याची पोच जपून ठेवावी.

आता अभ्यासाकडे, कारण माझ्या मते खरी तूट येथेच असते. अडीच-तीन वर्षे सलग तीन तास न लिहिलेल्या मुलाच्या हाताला आणि मनाला त्याची सवय राहत नाही. निकाल आणि पदवीचे वर्ग सुरू होणे यांत जे आठवडे मिळतात, त्यांत आठवड्यातून एकदा घड्याळ लावून जुनी प्रश्नपत्रिका सोडवून घ्यावी: आधी एक तास, मग दोन, मग पूर्ण वेळ. उत्तरे तपासताना गुण देऊ नयेत, कोठे अडले तेवढे लिहावे. विज्ञान शाखेच्या मुलांनी अनुमापन (टायट्रेशन) किंवा व्हर्निअर कॅलिपरची मापे प्रत्यक्ष हाताने केलेली नसतील, तर शासनाची परवानगी असताना चार-पाच जणांचे छोटे गट करून प्रयोगशाळा उघडून द्यावी. हे राहून गेले, तर चांगले गुण असलेला मुलगाही पहिल्या सत्रात गांगरतो आणि आपल्यालाच काही येत नाही असे समजून गप्प बसतो.

ज्याच्या घरी मृत्यू झाला आहे, त्याला अभ्यासाची घाई लावू नये. त्याच्याशी नियमित बोलणारा एकच शिक्षक ठरवून द्यावा. बोलण्यातून फार निराशा जाणवली, तर केंद्र सरकारच्या टेलि-मानस या मोफत सेवेचा 14416 हा क्रमांक द्यावा आणि पहिला फोन त्याच्यासोबत बसून लावावा.

प्रवेश झाल्यावरही वही बंद करू नये. दिवाळीच्या सुट्टीत आणि पहिल्या सत्राच्या निकालानंतर प्रत्येकाला पुन्हा एक फोन करावा. कोणी महाविद्यालयात जाणे सोडले असेल, तर त्याच आठवड्यात त्याच्या घरी जावे.